नमुना आणि नक्कल : जिवाणूंच्या बाह्य पटलाच्या प्रतिकृतींचा इतिहास

प्रास्ताविक

इ. स. १३०० च्या सुमारास इराणमधील विद्वान कमालुद्दीन अल्-फारिसी यांच्यासमोर इंद्रधनुष्याचे कोडे होते. गुरू कुत्बुद्दीन शिराझी यांच्या प्रेरणेने त्यांनी इब्न अल्-हैसम यांच्या ‘किताबुल मनाज़िर’ या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाचा अभ्यास हाती घेतला होता. इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबांमुळे दिसते, एवढे उघड होते. परंतु पडता थेंब हातात धरून त्यातील किरणांचा मार्ग तपासता येत नाही. अल्-फारिसी यांनी काचेचा पोकळ गोल पाण्याने भरला आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर सूर्यकिरण सोडला. किरण आत शिरताना वाकतो, आतल्या बाजूवरून परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. जवळजवळ त्याच काळात जर्मनीतील थिओडोरिक यांनीही स्वतंत्रपणे हाच प्रयोग केला.

या प्रयोगातील एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पावसाच्या थेंबाला काच नसते. गोलातील काचेमुळे निष्कर्ष बिघडत नाही ना, याचाही विचार प्रयोगकर्त्याला करावा लागतो. प्रतिकृती मूळ वस्तूशी कोठे जुळते हे सांगणे सोपे असते. ती कोठे जुळत नाही हे ओळखणे अवघड असते आणि शास्त्राची खरी कसोटी तेथेच लागते.

मराठीत या संदर्भात दोन शब्द आहेत आणि दोन्ही बाहेरून आलेले आहेत. ‘नमुना’ हा फारसीतून आला, ‘नक्कल’ हा अरबी ‘नक़्ल’वरून. नक्कल मुळाबरहुकूम असावी लागते; तिच्यात फरक निघाला तर तो दोष ठरतो. नमुन्याचे तसे नाही. ढिगातून मूठभर धान्य काढून दाखवावे, तसा नमुना मुळाविषयी काहीतरी सांगतो, सर्व काही सांगत नाही. जिवाणूंच्या बाह्य पटलाच्या प्रयोगशाळेतील प्रतिकृतींचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे नमुना म्हणून पाहिले तेव्हा ज्ञान वाढले आणि त्यांना नक्कल मानले तेव्हा फसगत झाली. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

१. दोन प्रकारचे जिवाणू

१८८४ मध्ये बर्लिन येथे हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी न्यूमोनियाने मरण पावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसातील जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसावेत म्हणून रंग देण्याची एक पद्धत शोधून काढली. जांभळा रंग व आयोडीन दिल्यावर मद्यार्काने धुतले असता काही जिवाणू रंग धरून ठेवत, तर काहींचा रंग धुऊन जाई. आपली पद्धत अपुरी आहे, अशी कबुली ग्राम यांनी स्वतःच दिली होती. पुढे मात्र रंग धरणे व न धरणे हीच जिवाणूंच्या वर्गीकरणाची पहिली पायरी ठरली. रंग धरतात ते ग्राम-धन, धरत नाहीत ते ग्राम-ऋण.

कॉलरा, विषमज्वर आणि प्लेग या तिन्ही रोगांचे जिवाणू ग्राम-ऋण आहेत. १८९६ च्या प्लेगने मुंबई इलाख्यात हाहाकार उडवला आणि पुढील वर्षी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच त्यावरील लस तयार केली, हा इतिहास परिचित आहे. त्या काळात जिवाणूभोवतीच्या आवरणाची रचना कोणालाच माहीत नव्हती.

तिचा पहिला सुगावा विषाच्या रूपाने लागला. १८९२ मध्ये बर्लिन येथील रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत रिचर्ड फायफर यांना असे आढळले की, उष्णतेने मारलेले कॉलऱ्याचे जिवाणू टोचले तरी गिनीपिग मरतात. जिवंत जिवाणू बाहेर टाकतात त्या विषाहून हे वेगळे, जिवाणूच्या शरीरातच असलेले आणि उष्णतेने नष्ट न होणारे विष होते. फायफर यांनी त्याला ‘एन्डोटॉक्सिन’, म्हणजे अंतर्विष, असे नाव दिले. कॉलऱ्यातील जुलाबाचे कारण मात्र हे अंतर्विष नव्हे. ते कारण म्हणजे जिवाणूने बाहेर सोडलेले दुसरेच विष होय, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. तथापि फायफर यांचे विष खोटे नव्हते. ते जिवाणूच्या सर्वांत बाहेरच्या पडद्याचाच भाग होते, हे कळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

आज या पडद्याची रचना अशी सांगितली जाते. ग्राम-ऋण जिवाणूला दोन पटले असतात. आतील पटल इतर पेशींसारखेच असते. त्याबाहेर पेप्टिडोग्लायकनची पातळ जाळीदार भिंत आणि तिच्याबाहेर दुसरे, म्हणजे बाह्य पटल. या बाह्य पटलाच्या दोन थरांत मोठा भेद आहे. आतील थर फॉस्फोलिपिड या सर्वसामान्य मेदरेणूंचा, तर बाहेरचा थर लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे मेद व शर्करा यांच्या जोडरेणूंचा असतो. फायफर यांचे अंतर्विष ते हेच. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमचे धनभारित आयन त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. विटांमध्ये चुना असावा तसे हे आयन असतात. अनेक प्रतिजैविके या भिंतीवर अडतात आणि म्हणूनच तिचा अभ्यास ही केवळ पुस्तकी बाब राहत नाही.

२. पाण्यावरील मेदाचा थर

बाह्य पटल माहीत होण्याच्या कितीतरी आधी पटलाच्या प्रतिकृतीची साधने तयार होत होती. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळील क्लॅफम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतले आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. हा वृत्तान्त १७७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या थराची जाडी किती असावी, हे गणित मात्र त्यांनी मांडले नाही.

ते काम पुढे नेण्यात मोठा वाटा एका गृहिणीचा आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या आग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठात शिकता आले नाही, कारण तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. आजारी आईवडिलांची सेवा व घरकाम करीत असताना भांड्यातील पाण्यावर तेलकट थर कसा पसरतो, याचे त्यांनी निरीक्षण केले. पत्र्याचा पसरट हौद, त्यावर सरकणारी पट्टी आणि पृष्ठताण मोजण्यासाठी एक साधा तराजू, असे उपकरण त्यांनी घरातच तयार केले. १८९१ च्या जानेवारीत त्यांनी आपली निरीक्षणे लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली. रॅले यांनी ते पत्र आपल्या शिफारशीसह ‘नेचर’ नियतकालिकाकडे पाठवले व ते त्याच वर्षी मार्चमध्ये छापून आले. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये याच धर्तीचा सुधारित हौद वापरून एका रेणूच्या जाडीच्या थरांचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट यांनी असे थर काचेवर एकावर एक चढवण्याची रीत १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. आजही बाह्य पटलाची प्रतिकृती बनवणारा संशोधक जो हौद वापरतो, त्याचा वंश ब्राउनश्वाइगच्या स्वयंपाकघराशी जाऊन मिळतो.

१९२५ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद काढून असा थर पसरवला. पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट क्षेत्र त्याने व्यापले. यावरून पटल दोन थरांचे असते, असे त्यांनी सांगितले आणि ते बरोबर ठरले. विशेष म्हणजे त्यांनी मेद पूर्णपणे काढलेला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले होते. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले. प्रतिकृतीवरून काढलेला निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून प्रतिकृतीही बिनचूक होती, असे समजू नये, हा धडा त्यातून मिळतो.

३. विषाचे रसायन

भिंत बांधण्यासाठी वीट हवी आणि लायपोपॉलिसॅकराइड ही वीट शुद्ध रूपात मिळवणे सोपे नव्हते. १९३० च्या दशकात आंद्रे बोआव्हां व लिडिया मेस्रोबेआनू यांनी ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने अंतर्विष वेगळे केले, पण त्यात प्रथिने मिसळलेली होती. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जर्मनीत ओटो वेस्टफाल व ओटो ल्युडेरिट्झ यांनी गरम फिनॉल व पाणी यांच्या साहाय्याने ते प्रथिनांपासून सोडवले. रेणूतील जो मेदभाग विषारी परिणाम घडवतो असे त्यांना वाटले, त्याला त्यांनी ‘लिपिड ए’ म्हटले. १९६९ मध्ये गालानोस यांच्यासह त्यांनी आणखी एक रीत दिली. ज्या उत्परिवर्तित जिवाणूंच्या रेणूवरील शर्करेची साखळी तुटकी असते, त्यांच्यासाठी ती उपयुक्त होती. पुढील बहुतेक प्रतिकृती अशाच आखूड साखळीच्या रेणूंपासून बनल्या, कारण लांब साखळीचे रेणू हाताळण्यास अवघड असतात. सोयीसाठी केलेली ही निवड पुढे विसरून चालणार नव्हते.

लिपिड ए खरोखरच विषारी आहे की त्यातील एखादी अशुद्धी विषारी आहे, हा वाद बरीच वर्षे चालला. १९८३ च्या सुमारास कुनी ताकायामा, निलोफर कुरेशी, ख्रिस्तियन रेट्झ आणि अन्य संशोधकांच्या कामातून त्याची नेमकी रचना स्पष्ट झाली. दोन ग्लुकोसामाइन शर्करा, दोन फॉस्फेट आणि ई. कोलाय या जिवाणूत सहा मेदाम्लांच्या साखळ्या, अशी ती रचना आहे. १९८५ मध्ये जपानमधील ओसाका येथील शास्त्रज्ञांनी हा रेणू जिवाणूची मदत न घेता प्रयोगशाळेत घडवला. त्यानेही तेच विषारी परिणाम दाखवले आणि वाद मिटला. वर्णन करून जे सिद्ध होत नव्हते, ते घडवून सिद्ध झाले.

४. काळे पटल आणि मेदाचे फुगे

पेशीपटलाची कृत्रिम प्रतिकृती प्रथम १९६२ मध्ये लोकांसमोर आली. फिलाडेल्फिया येथील म्युलर, रुडिन, टिएन व वेस्कॉट यांनी दोन कप्प्यांतील पाण्याच्या मधल्या भिंतीला एक बारीक छिद्र पाडले आणि त्यावर मेंदूतील मेदाचा थेंब लावला. थेंब पातळ होत गेला, साबणाच्या फुग्यासारखे रंग उमटले आणि शेवटी पटल काळे पडले. पटल इतके पातळ झाले होते की त्याच्या दोन बाजूंवरून परतणारा प्रकाश एकमेकाला नाहीसा करीत होता. काळा रंग हीच दोन रेणूंच्या जाडीची खूण होती. दोन्ही कप्प्यांत विद्युतअग्रे ठेवून पटलातून जाणारा प्रवाह मोजता येई.

त्याच सुमारास केंब्रिजजवळील बाब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम यांनी आर. डब्ल्यू. हॉर्न यांच्यासह फॉस्फोलिपिड पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेदाने आपण होऊन पाण्याने भरलेले बंद फुगे तयार केले होते. हे फुगे आयनांना आत कोंडून ठेवतात, हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ते ‘लायपोसोम’ म्हणून ओळखले जातात. १९७२ मध्ये मोंटाल व म्युलर यांनी पाण्यावरील दोन स्वतंत्र थर छिद्रावर जोडून पटल बनवण्याची रीत दिली. दोन बाजूंना दोन वेगळे मेद ठेवता येणे हे तिचे वैशिष्ट्य होते. बाह्य पटलासाठी पुढे हीच रीत मोलाची ठरली.

५. चाळणीचा शोध

१९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ग्राम-ऋण जिवाणूभोवती दुसरे पटल दाखवले. १९६५ मध्ये लोरेटा लाइव्ह यांनी ई. कोलायवर ईडीटीए या द्रव्याचा प्रयोग केला. हे द्रव्य मॅग्नेशियम व कॅल्शियमचे आयन पकडून ठेवते. आयन निघताच लायपोपॉलिसॅकराइडचा मोठा भाग सुटून गेला आणि एरवी आत न जाणारी द्रव्ये आत जाऊ लागली. चुना काढताच विटा ढिल्या झाल्या. १९६८ मध्ये जपानमधील मिउरा व मिझुशिमा यांनी आणि १९७२ मध्ये अमेरिकेत मेरी जेन ऑसबॉर्न व सहकाऱ्यांनी दोन्ही पटले एकमेकांपासून वेगळी केली. आता बाह्य पटलाचा माल स्वतंत्रपणे हाती येऊ लागला.

परंतु एक कोडे होते. इतक्या पक्क्या भिंतीतून जिवाणूला साखर व अन्य पोषक द्रव्ये मिळतात कशी? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत हिरोशी निकायदो व ताइजी नाकाए यांनी हा प्रश्न प्रतिकृतीच्या साहाय्याने सोडवला. त्यांनी लायपोपॉलिसॅकराइड व फॉस्फोलिपिड यांचे फुगे बनवले आणि त्यांत किरणोत्सारी सुक्रोज व मोठ्या रेणूंचे डेक्स्ट्रान भरले. केवळ मेदाच्या फुग्यांनी दोन्ही द्रव्ये आत ठेवली. बाह्य पटलातील प्रथिने घातलेल्या फुग्यांतून सुक्रोज निसटले, डेक्स्ट्रान मात्र आतच राहिले. एकेक प्रथिन तपासल्यावर छिद्र करणारे प्रथिन सापडले आणि १९७६ मध्ये त्याला ‘पोरीन’ हे नाव मिळाले. साधारणपणे ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू त्यातून जाऊ शकतात. सुमारे १,४५० डाल्टनचे व्हँकोमायसिन ग्राम-ऋण जिवाणूंवर सहसा का चालत नाही, याचे उत्तर या चाळणीत आहे. याच वर्षी कामिओ व निकायदो यांनी बाह्य पटलाचे फॉस्फोलिपिड बाहेरून पोचण्याजोगे नसते, म्हणजेच ते आतल्या थरात असते, हे दाखवून दोन थरांतील भेद प्रस्थापित केला.

हे यश घटकांची गणना करून मिळालेले नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. जिवंत जिवाणूत शेकडो प्रथिने एकाच वेळी काम करतात. कोणते कशासाठी हे तेथे ठरवता येत नाही. प्रतिकृतीत एकच प्रथिन घालता येते आणि ते न घातलेली दुसरी प्रतिकृती शेजारी ठेवता येते. प्रतिकृतीचे बळ तिच्या साधेपणात होते.

१९७८ मध्ये जर्मनीतील कॉन्स्टान्झ येथे रोलांड बेंझ व सहकाऱ्यांनी, तर बाझेल येथे शिंडलर व रोझेनबुश यांनी पोरीन सपाट पटलात बसवून विद्युतप्रवाह मोजला. प्रवाह पायऱ्या-पायऱ्यांनी वाढत गेला, कारण प्रत्येक पायरी म्हणजे पटलात नव्याने शिरलेली छिद्रे होती. बाझेलच्या प्रयोगात विद्युतदाब वाढवताच छिद्रे बंद होतात, असेही दिसले. यावरून जिवाणू विद्युतदाबाने आपले दरवाजे उघडतो व मिटतो, अशी कल्पना पुढे आली. १९८८ मध्ये सेन, हेलमन व निकायदो यांनी सबंध जिवाणूंवर प्रयोग करून दाखवले की, बाह्य पटलावर जो विद्युतदाब स्वाभाविकपणे असू शकतो, त्याने पोरीनवर परिणाम होत नाही. प्रतिकृतीतील निरीक्षण खरे होते, पण त्याचा जिवाणूच्या जीवनाशी जोडलेला संबंध सिद्ध झाला नाही. १९९२ मध्ये ई. कोलायच्या पोरीनची स्फटिकरचना मिळाली. छिद्राचा सर्वांत अरुंद भाग सुमारे ०.७ बाय १.१ नॅनोमीटर असल्याचे दिसले. फुग्यांवरून बांधलेला अंदाज खरा ठरला.

६. दोन बाजूंचे दोन थर

बर्कलेच्या फुग्यांत एक उणीव होती. त्यांत दोन्ही मेद दोन्ही थरांत मिसळलेले होते. जिवाणूचे पटल तसे नसते. उत्तर जर्मनीतील बोर्स्टेल येथील संशोधन केंद्रात उलरिश झायडेल व सहकाऱ्यांनी मोंटाल-म्युलर रीतीने एका बाजूस लायपोपॉलिसॅकराइड व दुसऱ्या बाजूस फॉस्फोलिपिड असे असममित पटल तयार केले. हे काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये त्यांनी त्यावर पॉलिमिक्सिन बी या प्रतिजैविकाचा प्रयोग केला. औषध पटलाला लागताच प्रवाहात क्षणिक चढउतार दिसू लागले, म्हणजे पटलात अल्पकाळ टिकणारी भगदाडे पडत होती.

पॉलिमिक्सिनांची कथा येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९४७ मध्ये ही औषधे प्रथम नोंदली गेली. मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे १९७० च्या दशकापासून त्यांचा वापर मागे पडला. पुढे इतर प्रतिजैविके निष्प्रभ होऊ लागल्यावर त्याच कुळातील कोलिस्टिन अखेरचा उपाय म्हणून परत आले. हे औषध लायपोपॉलिसॅकराइडला धरते आणि त्यांना बांधणारे आयन हुसकावून लावते. म्हणून ते भिंतीवर नेमके काय करते, हा प्रश्न अतिदक्षता विभागातील रुग्णापर्यंत पोचतो.

२०१३ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील जेरेमी लेकी आणि ऑक्सफर्डशायरमधील आयसिस न्यूट्रॉन केंद्रातील ल्यूक क्लिफ्टन यांनी सहकाऱ्यांसह आणखी पुढचे पाऊल टाकले. लँगम्यूर हौदातून सिलिकॉनच्या ठोकळ्यावर आधी फॉस्फोलिपिडचा व मग लायपोपॉलिसॅकराइडचा थर चढवण्यात आला. न्यूट्रॉनना साधा हायड्रोजन व जड हायड्रोजन वेगवेगळे दिसतात. एका थरात जड हायड्रोजन भरल्याने कोणता रेणू कोणत्या बाजूस आहे हे मोजता आले. २०१५ मध्ये त्यांनी कॅल्शियम काढून घेतले, तेव्हा दोन्ही थर एकमेकांत मिसळले. पन्नास वर्षांपूर्वी लाइव्ह यांनी जिवंत जिवाणूत पाहिलेल्या परिणामाचे कारण आता रेणूंच्या पातळीवर दिसले. त्याच वर्षी त्यांनी ठोकळ्याला न चिकटता पाण्याच्या पातळ थरावर तरंगणारी प्रतिकृतीही तयार केली.

२०१८ मधील त्यांचा एक निष्कर्ष अधिक बोलका आहे. थंड असताना लायपोपॉलिसॅकराइडचा थर गोठल्यासारखा असतो आणि पॉलिमिक्सिन बी त्यात शिरत नाही. शरीराच्या तापमानाला तो थर द्रवासारखा होतो, तेव्हाच औषध आत जाते. सर्वसाधारण खोलीच्या तापमानाला केलेल्या प्रयोगावरून औषधाविषयी मत बनवले तर ते चुकीचे ठरू शकते. प्रतिकृतीत रेणू बरोबर असणे पुरेसे नाही, हवामानही बरोबर असावे लागते.

या प्रतिकृतींतही ‘काच’ होतीच. सुरुवातीच्या प्रयोगांत आतील थरासाठी फॉस्फॅटिडिलकोलीन वापरले होते. ते हाताळण्यास सोपे आहे, पण ई. कोलाय ते बनवतच नाही. त्याच्या पटलात मुख्यतः फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन असते. संशोधकांनी हे लपवले नाही, आणि म्हणूनच त्यांचे निष्कर्ष योग्य मर्यादेत वापरता येतात.

७. यंत्रे, संगणक आणि आपल्याकडील काम

लायपोपॉलिसॅकराइड पेशीच्या आत तयार होते. ते बाहेरच्या थरापर्यंत पोचते कसे? २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल काने व सहकाऱ्यांनी आतील व बाह्य पटलाचे फुगे वेगवेगळे बनवले व त्यांत वाहतुकीची प्रथिने बसवली. प्रथिनांनी दोन फुग्यांमध्ये पूल बांधला आणि त्यावरून लायपोपॉलिसॅकराइड पलीकडे गेले. येथे प्रतिकृती केवळ भिंतीची राहिली नाही. भिंत बांधणाऱ्या गवंड्यांचीही झाली.

दुसरीकडे २००१ मध्ये लिन्स व स्ट्राट्स्मा यांनी स्यूडोमोनस एरुजिनोझा या जिवाणूच्या बाह्य पटलाचे संगणकीय अनुकरण प्रसिद्ध केले. त्यानंतर ही शाखा वेगाने वाढली. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतही अशा पटलांवर प्रयोग व संगणकीय अभ्यास झाला आहे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आर. नागराज यांनी जिवाणू मारणाऱ्या लहान पेप्टाइडांचा कृत्रिम पटलांवरील परिणाम अभ्यासला. त्याच केंद्रातील मंजुळा रेड्डी यांना जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवरील संशोधनासाठी २०१९ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या येथील विद्यार्थ्यांना हे क्षेत्र दूरदेशीचे वाटण्याचे कारण नाही.

८. नमुन्यात जे नसते

प्रतिकृती सुधारत असतानाच सबंध जिवाणूवरील संशोधनाने तिच्या मर्यादा पुन्हा पुढे आणल्या. २०१८ मध्ये रोहास, हुआंग व सहकाऱ्यांनी दाखवले की, बाह्य पटल हे केवळ गाळणी नसून पेशीचा ताण पेलणारा भाग आहे. तोपर्यंत हे श्रेय पेप्टिडोग्लायकनच्या भिंतीलाच दिले जात असे. काळ्या पटलावर किंवा फुग्यावर ही गोष्ट दिसणे शक्य नव्हते, कारण मेदाचे मोकळे पटल नाजूक असते आणि त्यामागे भिंत नसते.

२०२१ मध्ये लंडनच्या बार्ट होखेनबोम यांच्या गटाने अतिसूक्ष्म सुईने जिवंत ई. कोलायचा पृष्ठभाग चाचपून पाहिला. पृष्ठभाग प्रथिनांनी दाटीवाटीने भरलेला होता आणि मधूनमधून केवळ लायपोपॉलिसॅकराइडचे लहान पट्टे होते. प्रतिकृतीतील पटल म्हणजे मोकळे मैदान. खरे पटल म्हणजे बाजाराच्या दिवशीची पेठ.

२०२५ मध्ये लंडनमधील संशोधकांनी पॉलिमिक्सिन बीविषयी आणखी एक गोष्ट समोर आणली. सक्रिय जिवाणूंवर औषध पडताच पृष्ठभागावर उंचवटे येतात, लायपोपॉलिसॅकराइड सुटून जाते व जिवाणू मरतो. सुप्तावस्थेतील, ऊर्जा न वापरणाऱ्या जिवाणूंवर मात्र हा परिणाम होत नाही. म्हणजे भिंत कोसळण्यात खुद्द जिवाणूच्या जिवंतपणाचाही वाटा असतो. ज्या प्रतिकृतीत जीव नाही, तिला हे कोणत्याही सुधारणेने सांगता आले नसते. तथापि औषध कोणत्या रेणूला धरते आणि कोणते आयन हुसकावते, हे प्रतिकृतींनी आधी सांगितले नसते, तर हा पुढचा प्रश्न विचारताही आला नसता.

समारोप

या इतिहासातून काही निष्कर्ष काढता येतात. प्रत्येक प्रतिकृती एका ठराविक प्रश्नासाठी बनली. काळ्या पटलाने प्रवाह मोजला, फुग्यांनी चाळणी शोधली, असममित पटलाने औषधाची भगदाडे दाखवली, तरंगत्या थरांनी आयनांचे काम उलगडले. प्रत्येकीने काहीतरी गाळले आणि गाळले म्हणूनच उरलेले स्पष्ट दिसले. फसगत झाली ती गाळलेल्या गोष्टीचा विसर पडल्यामुळे.

या विषयाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नव्या प्रतिजैविकांची निकड असलेल्या जिवाणूंची यादी जाहीर केली. तिच्यातील सर्वांत गंभीर गटातील जिवाणू ग्राम-ऋणच होते. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरे व माणसे यांच्यातील जिवाणूंमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारे एक जनुक शोधले. ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते आणि लिपिड एला एक जादा गट जोडून औषधाची पकड सैल करते. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांना व कोंबड्यांना कोलिस्टिन देण्यास भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. जी वीट समजण्यास शंभर वर्षे लागली, तिच्यातील एवढासा बदल अखेरचे औषध निकामी करू शकतो. घरातील वडीलधारे माणूस रुग्णालयात असताना डॉक्टर जेव्हा सांगतात की आता एकच औषध उरले आहे, तेव्हा त्या औषधाचे भवितव्य या चार-पाच नॅनोमीटरच्या पडद्यावर ठरत असते.

अल्-फारिसी यांचा काचेचा गोल पाऊस नव्हता, पण त्यामुळे इंद्रधनुष्याचे कारण कळले. गोलाला काच आहे याचे भान सुटले नाही, म्हणून कळले. जिवाणूच्या पटलाचे नमुने पुढेही बनत राहतील व अधिक पूर्ण होत जातील. विद्यार्थ्याने त्यांच्याकडे पाहताना दोन प्रश्न विचारावेत. हा नमुना काय दाखवतो, आणि त्यातील काच कोणती? दुसरा प्रश्न विचारण्याची सवय हीच या इतिहासाची खरी शिकवण होय.